गर्भवतींच्या वर्गाची आठवण करून देणारा एसएमएस

देवनागरी एसएमएसला ७० खुणांची मर्यादा. काना, वेलांटी, मोकळी जागा सगळं वेगळं मोजतात. ओलांडली की दोन एसएमएसचे पैसे. एवढा मजकूर पुरतो: ‘उद्या बुधवार, स. १०, गर्भवती वर्ग, सीताबर्डी. येणार? १ पाठवा.’ उत्तर हवं तर साध्या मोबाइल नंबरवरूनच पाठवा. आदल्या संध्याकाळी एकदा, निघायच्या दोन तास आधी पुन्हा, तेव्हा ‘उद्या’च्या जागी ‘आज’.

नोंदणीतच विचारा, फोन दिवसभर कोणाजवळ असतो? नवऱ्यासोबत तो बुटीबोरीला कामावर जात असेल, तर तिच्या संमतीने सासूबाईंचा नंबरही घ्या. बरेच निरोप इथेच अडकतात. आणि मे महिन्यात वर्ग सकाळी साडेआठलाच ठेवा. नागपूरच्या दुपारच्या उन्हात पोटुशी बाई बाहेर पडणार नाही, पडूही नये.