बँकॉकचा दिवस उन्हाच्या वेळापत्रकाने कसा आखावा

दमट हवेचे मुंबईकराला काय कौतुक, असे म्हणून आपण बँकॉकला उतरतो आणि नेमकी हीच बेफिकिरी पहिल्या दिवशी महागात पडते. मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो; बँकॉक मात्र चाओ फ्राया नदीच्या सखल मैदानात, समुद्रापासून थोडे आत वसलेले असल्यामुळे एप्रिलमध्ये तेथे रात्रीसुद्धा अंगावरचा घाम वाळत नाही. पहिल्या भेटीत मी एका दिवसात सहा ठिकाणे पाहण्याची यादी केली होती. त्यांपैकी दोन पाहून झाली आणि उरलेला दिवस हॉटेलच्या खोलीत मीठ-साखरेचे पाणी पीत काढावा लागला. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: दिवस उन्हाप्रमाणे आखावा, यादीप्रमाणे नव्हे, आणि एका दिवसात दोनच मोठी ठिकाणे धरावीत.

शक्य असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. मार्च ते मे हा कडक उन्हाळा असतो आणि साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. तो बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी धो धो कोसळतो आणि रस्त्यांवर पाणी साचते. १३ ते १५ एप्रिल या सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, दिवसांत गेल्यास रस्त्यावर कोणीही कोणावरही पाणी ओततो, हे लक्षात ठेवून मोबाइल आणि पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावेत.

कपड्यांच्या बाबतीत दोन अटी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. राजवाड्यात आणि मंदिरांत खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, तर बाहेरची हवा अंगावर काहीही नको असे म्हणायला लावते. यावर सैल, पातळ सुती पायजमा किंवा सलवार हाच उत्तम उपाय आहे. जाड जीन्स घरीच ठेवावी. मंदिराच्या दारात वारंवार पादत्राणे काढावी लागत असल्यामुळे नाडीचे बूट नकोत, आणि कोल्हापुरी चप्पल तर हौसेनेही नेऊ नये, कारण एका सरीत भिजलेले चामडे चार दिवस वाळत नाही. पिशवीत घडीची छत्री ठेवावी, ती उन्हालाही उपयोगी पडते. एक पातळ ओढणी किंवा उपरणेही असावे. ते उन्हासाठी नसून थंडीसाठी आहे. स्कायट्रेनच्या, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेच्या, आणि मॉलच्या वातानुकूलनात घामाने भिजलेल्या पाठीवर जो गारठा बसतो, त्याने उन्हापेक्षा अधिक माणसे आजारी पडतात, असे माझे स्वतःचे मत आहे.

सकाळची वेळ ‘ग्रँड पॅलेस’ या राजवाड्यासाठी राखून ठेवावी. तो साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाट आहे आणि दहा वाजेपर्यंत अंगणातल्या फरशा तापतात. भूमिगत मेट्रोच्या सनाम चाय स्थानकावर उतरून चालत जाणे सोयीचे पडते. वाटेत एखादा सभ्य गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो’ असे सांगेल. मीही एकदा अशा टुकटुकमध्ये बसलो आणि एका रत्नांच्या दुकानात पोहोचलो. अशा वेळी नमस्कार करून सरळ प्रवेशद्वारापर्यंत जाऊन पाहावे.

आत वाट फ्रा केव (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) या मंदिरात केवळ ६६ सेंटीमीटर उंचीची हिरव्या जेड पाषाणाची बुद्धमूर्ती आहे. तिचा पोशाख वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा सुरू होताना बदलला जातो, आणि तो परंपरेने राजा बदलतो. ज्या शहरात देवही ऋतूनुसार कपडे घालतो, तेथे प्रवाशाने हट्ट का करावा? मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, भिंतींवर रंगवलेले आहे. ओवरीला छप्पर असल्यामुळे ऊन चढल्यावर तेथेच सावकाश फिरावे; आपल्या वाचकाला हनुमान लगेच ओळखू येतो, फक्त येथे तो ब्रह्मचारी नाही. पुढे जवळच वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. मूर्तीच्या पाठीमागे १०८ कांस्यपात्रे ओळीने मांडलेली असून भाविक प्रत्येकात एकेक नाणे टाकत जातात. तो टणटण आवाज ऐकत भिंतीला लागून थोडा वेळ उभे राहिले, तरी बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो.

साडेअकरा ते चार या वेळेत रस्त्याने चालू नये. जेवण, विश्रांती किंवा पाण्यावरचा प्रवास यांसाठी ही वेळ वापरावी. नदीवर नारिंगी झेंड्याची नाव स्वस्त पडते आणि तिच्यावर वाराही मिळतो. मला मात्र सेन सेप कालव्यावरील नाव अधिक आवडते, कारण ती कामावर जाणाऱ्यांची आहे. ती धक्क्याला दोन-चार क्षणच टेकते, त्यामुळे दोरी धरून चटकन पाऊल टाकावे लागते. हेल्मेट घातलेला वाहक नावेच्या बाहेरच्या अरुंद काठावरून चालत तिकिटे देतो, आणि समोरून दुसरी नाव आली की कडेला बसलेला प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतो. ते काळे पाणी तोंडावर नको असेल, तर आपणही दोरीजवळ बसल्यास हे काम आपलेच आहे, असे समजावे.

शाकाहारी माणसाने ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नये, कारण भाजीतही माशांपासून केलेले नाम प्ला सर्रास घातलेले असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले दुकान शोधावे. तेथे मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. अन्यत्र ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे ‘नाम प्ला घालू नका’, असे सांगावे आणि पुरुषांनी शेवटी ‘ख्राप’, स्त्रियांनी ‘खा’ जोडावे. नळाचे पाणी पिऊ नये. शहाळे मिळेल तेथे घ्यावे, आणि घाम फार गेला असेल तर नुसत्या पाण्याऐवजी क्षारांची पूड घातलेले पाणी प्यावे.

चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. वाट आरुणला था तियनच्या धक्क्यावरून नावेने जाता येते आणि उतरत्या उन्हात त्याच्या मनोऱ्यावरील चिनी मातीचे तुकडे चमकू लागतात. याओवारात या चिनी वस्तीतील खाद्यगाड्या दिवस मावळल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतात, त्यामुळे तेथे दुपारी जाण्यात अर्थ नाही.

परतीच्या दिवशी संध्याकाळचे विमान असेल आणि आकाश भरून आले असेल, तर टॅक्सीच्या भरवशावर राहू नये. फाया थाय स्थानकावरून विमानतळाची रेल्वे घ्यावी. टॅक्सी घ्यावीच लागली, तर विमानतळाचे नाव नीट सांगावे. लिहिताना ते आपले ‘सुवर्णभूमी’च आहे, पण उच्चारताना ‘सुवन्नफूम’ म्हणावे लागते. शहरात डॉन म्युआंग हा दुसरा विमानतळही असल्यामुळे तिकिटावरचे नाव निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.