परदेशात कॅमेऱ्याचा चार्जर बंद पडला? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

रात्री साडेदहाला हॉटेलच्या खोलीत परतलो, चार्जरमधली बॅटरी काढून कॅमेऱ्यात घातली, तर पडद्यावर तेच लाल, रिकामं चिन्ह. जेवायला निघताना चार्जरचा दिवा पेटलेला मी स्वतः पाहिला होता. म्हणजे चार्जर गेला. वैतागून प्लग उपटला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळचा सुंदर उजेड सोडून दुकानं पालथी घातली, नवा चार्जर आणला, संध्याकाळी तो लावून बाहेर पडलो. परत आलो तर पुन्हा तेच. आता बॅटरीच मेली असं समजून रिसेप्शनवर रडगाणं गायला गेलो, तेव्हा तिथल्या मुलाने शांतपणे विचारलं, "बाहेर जाताना खोलीचं कार्ड काढून नेता ना?"

दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीतली वीज बंद. चार्जर बिचारा मी खोलीत असेपर्यंत इमानेइतबारे काम करत होता.

तेव्हापासून माझा एक हेका आहे. 'चार्जर गेला' हे वाक्य सगळ्यात शेवटी उच्चारायचं. (कार्डाच्या खाचेत बऱ्याच ठिकाणी कुठलंही जाड कार्ड चालतं, काही ठिकाणी चालत नाही. छोट्या फ्रिजचं सॉकेट मात्र बहुतेक वेळा चालूच ठेवलेलं असतं.)

सगळं खापर चार्जरवर फोडणं

भिंतीपासून बॅटरीपर्यंत बरेच सांधे असतात. सॉकेट, प्लग बदलणारा ॲडॅप्टर, वायर, चार्जर, आणि चार्जर व बॅटरी जिथे एकमेकांना टेकतात त्या धातूच्या पट्ट्या. यातला एक जरी ढिला असला तरी वरून लक्षण एकच दिसतं: दिवा लागत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. त्याच सॉकेटमध्ये, त्याच ॲडॅप्टरमधून फोन चार्ज होतो का? होत असेल तर सॉकेट आणि ॲडॅप्टर दोन्ही सुटले. होत नसेल तर आधी आजूबाजूला बटण शोधा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात सॉकेटशेजारी बटण असतं आणि ते बंद असेल हे आपल्या लक्षातच येत नाही. ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूजही असतो, तो उडाला की प्लग बाहेरून ठणठणीत दिसतो पण आत मेलेला असतो.

ॲडॅप्टरचा दुसरा रोग म्हणजे वजन. ॲडॅप्टर भिंतीत, त्यावर चार्जर लोंबकळतोय, आणि तासाभरात सगळी वरात पुढे झुकून पिना अर्ध्या बाहेर येतात. खाली टेबल सरकवा, पुस्तकांची थप्पी लावा, काहीही करा, पण चार्जरला टेकू द्या.

आता वायर. कॅमेऱ्याचा चार्जर वायरवाला असेल तर वायर जिथे चार्जरमध्ये घुसते ते तोंड बघा. ते इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं असेल, तर ही जुन्या टेपरेकॉर्डरला यायची तीच वायर आहे. प्रिंटरला, टीव्हीला, गेम खेळण्याच्या डब्याला आजही हीच येते. म्हणजे तुमची वायर तुटली, हरवली, उंदराने कुरतडली तरी कॅमेऱ्याचं दुकान शोधण्याचं कारण नाही. हॉटेलच्या टीव्हीमागे बघा, विचारून रात्रभर उसनी घ्या. विकत घेतलीत तर ती त्या देशाच्या प्लगचीच मिळेल आणि ॲडॅप्टरची कटकट परस्पर मिटेल. मी आता ॲडॅप्टरपेक्षा ही वायर घेणंच पसंत करतो. शिवाय वायर चार्जरला लावताना ती शेवटपर्यंत दाबून बसवा, कारण हे तोंड घट्ट असतं आणि अर्धवट बसलं तरी बसल्यासारखं वाटतं.

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष

दिवा अजिबात न लागणं आणि दिवा भराभर लुकलुकणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यात चार्जर जिवंत असतो आणि काहीतरी सांगत असतो. बहुतेक चार्जरमध्ये भराभर लुकलुकणं म्हणजे एकतर बॅटरी नीट टेकलेली नाही, किंवा तिचं तापमान मर्यादेबाहेर आहे, किंवा बॅटरी बिघडली आहे.

बर्फात दिवसभर हिंडून आल्या आल्या बॅटरी चार्जरला लावली तर चार्जर नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि ती कायमची खराब होते. अर्धा-पाऊण तास खोलीत पडू द्या, मग लावा. हीटरवर ठेवून गरम करू नका. उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेल्या बॅटरीलाही थंड व्हायला असाच वेळ द्या.

पट्ट्या मात्र आधी पुसा. समुद्रकिनाऱ्यावरून आलात, घाम लागलेल्या बोटांनी बॅटरी बदललीत, की त्या सोनेरी पट्ट्यांवर एक अदृश्य थर बसतो. कोरडं सुती कापड पुरतं, चिवट असेल तर पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने. चाकू किंवा सेफ्टी पिनने खरवडू नका, वरचा मुलामा जातो आणि मग गंज कायमचा पाहुणा होतो.

व्होल्टेजची भीती आणि तो जड डबा

जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. हे आकडे वाचून लोक घाबरतात आणि व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर घेतात. चार्जर उलटा करून लेबल वाचा. 'इनपुट' शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल, तर तो जगात कुठेही थेट चालतो. लागतो तो फक्त पिनांचा आकार बदलणारा ॲडॅप्टर. आजच्या जवळजवळ सगळ्या कॅमेरा चार्जरवर हेच लिहिलेलं असतं. उलट हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे स्वस्त कन्व्हर्टर विजेची लहर कापून देतात आणि त्याने चांगला चार्जर जळू शकतो. लेबलवर एकच आकडा असेल, समजा फक्त १२०, तर मात्र तो २३० व्होल्टला लावू नका.

यूएसबीचं भोक दिसलं म्हणून केबल खुपसणं

खरा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

चार्जर खरोखरच गेला असेल तर पहिला प्रश्न हा: माझा कॅमेरा यूएसबीवरून बॅटरी भरतो का? भोक आहे म्हणजे भरतो असं नाही. निकॉन डी८५० किंवा कॅनन ५डी मार्क फोर यांना यूएसबी आहे, पण ते फोटो संगणकात घेण्यासाठी. त्यातून बॅटरी भरत नाही. रात्रभर केबल लावून ठेवाल आणि सकाळी बॅटरी जिथल्या तिथे. याउलट सोनी ए६००० सारखा कॅमेरा मुळात वेगळ्या चार्जरशिवाय येतो, छोट्या मायक्रो-यूएसबीने थेट भरतो. तुमचा असा असेल तर तुमचं 'चार्जर गेलं' म्हणजे नुसती एक केबल गेली आहे, आणि ती जगाच्या पाठीवर कुठेही मिळते.

यूएसबीवर भरणारा असूनही भरत नसेल तर कॅमेरा बंद आहे का ते बघा. पुष्कळ कॅमेरे बंद असतानाच बॅटरी भरतात. चालू असताना एकतर काहीच घेत नाहीत किंवा आलेली वीज चालण्यातच खर्च करतात.

मग केबल बदलून बघा. नव्या टाइप-सी उपकरणांत असंही होतं की दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर काही घडत नाही आणि एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेल्या केबलवर सुरळीत चालतं, किंवा नेमकं उलट. दोन्ही प्रकारची एकेक केबल जवळ असली की निम्म्या रात्री वाचतात.

पुढचा मुद्दा भिंतीतल्या ठोकळ्याचा. कॅननच्या आर मालिकेतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना 'पॉवर डिलिव्हरी' (टाइप-सीमधून ५ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज देण्याची पद्धत) असलेला ठोकळाच लागतो. फोनचा जुना ५ व्होल्टचा ठोकळा लावला तर ते ढिम्म हलत नाहीत. लॅपटॉपचा टाइप-सी ठोकळा बहुधा हे काम करतो. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी भोकातून मात्र नियमाप्रमाणे जेमतेम अर्धा ॲम्पिअर येतो, त्यावर कॅमेरा भरायचा म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे.

आणि शेवटी बॅटरीची पिढी. निकॉन झेड६ मध्ये ईएन-ईएल१५बी ही बॅटरी कॅमेऱ्यातच भरता येते. जुनी ईएन-ईएल१५ किंवा १५ए त्यात बसते, फोटो काढते, पण यूएसबीवर भरत नाही. कॅननमध्येही नुसती एलपी-ई६ नाही चालत, एलपी-ई६एन लागते. दोन बॅटऱ्या दिसायला जुळ्या बहिणी, लेबलवर एका अक्षराचा फरक, आणि आपण दोष देतो केबलला.

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालं आहे. त्यामुळे टाइप-सीचं सामान तिकडे गल्लोगल्ली मिळतं. जुन्या कॅमेऱ्याच्या चार्जरला त्याचा उपयोग शून्य.

दुकानात कॅमेऱ्याचं नाव सांगणं

चार्जर कॅमेऱ्यासाठी नसतो, बॅटरीसाठी असतो. दुकानात जाताना बॅटरीच घेऊन जा आणि तिच्यावरचा क्रमांक दाखवा. भाषेचा प्रश्नही त्यातच सुटतो. त्याच बॅटरीचा, पण यूएसबीवर चालणारा दुसऱ्या कंपनीचा चार्जर मिळाला तर प्रवासापुरता तो उत्तम. पैसे देण्याआधी बॅटरी त्यात बसवून, दिवा लागलेला बघून घ्या.

काहीच नाही मिळालं तर सरकत्या पिनांचा, कुठल्याही बॅटरीला लावता येणारा चार्जर मिळतो. अधिक-उणे खुणा बॅटरीवर कोरलेल्या असतात, पिना त्यांवरच टेकवा. मधे 'टी' लिहिलेली पट्टी असेल तर ती बहुधा तापमान कळवण्यासाठी असते, आणि हे चार्जर सहसा तिच्याकडे बघतच नाहीत. म्हणून तो लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली की काढा. फुगलेली बॅटरी तर कुठल्याच चार्जरला लावू नका.

इंटरनेटवर वायरी सोलून, चिकटपट्टीने थेट पट्ट्यांना चिकटवण्याचे उद्योग दिसतात. कॅमेऱ्याच्या अनेक बॅटऱ्यांत दोन सेल असतात, नाममात्र ७.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. कुठे थांबायचं हे चार्जर ठरवतो. वायर ठरवत नाही. परक्या देशात हॉटेलच्या गादीला आग लावण्याइतकी तुमची छायाचित्रं महत्त्वाची नाहीत.

खरेदीआधी सहप्रवाशांना, हॉटेलच्या लोकांना विचारा. लोक विसरून गेलेल्या चार्जरांचा खोका बऱ्याच हॉटेलांत असतो. कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं चार्जरही भाड्याने देतात.

घरून कुरिअरने बॅटरी मागवणं

चार्जर मागवा, तो नुसता प्लास्टिकचा डबा आहे. बॅटरी मात्र नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहू सामान म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे पार्सल अडकतं किंवा परत जातं. तुम्ही स्वतः मात्र सुट्या बॅटऱ्या नेऊ शकता, फक्त हातातल्या बॅगेत आणि पट्ट्या झाकून. मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप). कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या आसपासही जात नाही, सोनीची एनपी-एफझेड१०० जेमतेम १६.४ ची आहे. पॉवर बँकचं वेगळं. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर, म्हणजे बसते. पण चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' (चीनची सक्तीची सुरक्षा-प्रमाणपत्राची) खूण नसलेल्या पॉवर बँकवर बंदी घातली आहे.

उरलेली बॅटरी उधळणं

एक-दोन दिवस चार्जरविना काढायचे असतील तर काढलेला प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर दाखवणं बंद करा, वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएस बंद करा. मिररलेस कॅमेरा (आत आरसा नसलेला, ज्यात दृश्य पडद्यावरच दिसतं) गळ्यात चालू ठेवून फिरू नका. सिपा या कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या मोजणीप्रमाणे आरशाचा निकॉन डी८५० एका बॅटरीत १८४० फोटो काढतो, मिररलेस सोनी ए७ थ्री ७१०. फरक मुख्यतः सतत जळणाऱ्या पडद्याचा. थंडीत बॅटरी आतल्या खिशात ठेवा. 'संपली' म्हणालेली बॅटरी खिशात ऊब मिळाली की आणखी दहावीस फोटो देते.

चार्जर विमानात टाकलेल्या बॅगेत चेपून फुटला असेल तर वैतागून कचऱ्यात टाकू नका. माँट्रियल कराराप्रमाणे (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी द्यावी लागते. तुकडे, बॅगेवरची चिठ्ठी आणि नव्या चार्जरची पावती एका पिशवीत ठेवा, आणि सगळ्याचा फोटो काढा. फोनवर, अर्थात.