स्वतःची वाट आखणाऱ्या चित्रकारासाठी

नोकरी किंवा कलादालन यांच्यापलीकडे उपजीविका उभी करायची असेल, तर आपल्या कलेभोवती आणखी काय देता येईल हे आधी पाहावे. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा केवळ प्रयोगांच्या बिदागीवर न सोडता घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले. पाहुण्यांना तिथे जुन्या चित्रपोथ्या जवळून पाहता येतात. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण मला मोलाचा वाटतो तो गोठा.

आपणही चित्रविक्रीला कार्यशाळा, पुस्तकांची रेखाटने, भिंतीचित्रे यांपैकी एखाद्या कामाची जोड द्यावी. सगळी एकदम सुरू करू नयेत.

सर्वांत जास्त काळजी लेखी कराराची घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन कोणी आपल्याकडून चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या चित्राच्या स्वामित्वहक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून रंगांना हात लावण्यापूर्वीच ‘स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील, ग्राहकास केवळ मुखपृष्ठासाठी, पहिल्या आवृत्तीपुरती वापराची परवानगी आहे’ असे स्पष्ट वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे हक्क विकायचेच ठरले, तर मुदत आणि प्रदेश नमूद करावा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतो. आगाऊ रक्कम आणि फुकट दुरुस्त्यांची मर्यादाही त्याच कागदावर यावी.