अपडेट अर्ध्यावर राहून मेलेला बायोस परत कसा आणावा

जून-जुलैत पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की औसा, निलंगा, रेणापूर भागातल्या सेवा केंद्रांचे संगणक लातूरला माझ्या टेबलावर येऊ लागतात. सांगणं बहुतेकांचं एकच असतं, "दादा, मधेच लाईट गेलती. तवापासून स्क्रीनच येईना गेलीय." विंडोजच्या अपडेटबरोबर कधी कधी बायोसचंही, म्हणजे यंत्र चालू करणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रामचंही, अपडेट येतं, रीस्टार्ट होताना ते चिपवर लिहिलं जातं, आणि नेमक्या त्या दोन-चार मिनिटांत वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, नाहीतर डेस्कटॉपला यूपीएस नसतो.

माझ्याकडे येण्याआधी त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की मदरबोर्ड गेला, नवा टाका. या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. बोर्ड धडधाकट असतो. त्यावरच्या आठ पायांच्या, करंगळीच्या नखाएवढ्या एका चिपमधला मजकूर अर्धा नवा, अर्धा पुसलेला असा राहिलेला असतो, एवढंच. तो नीट लिहिला की यंत्र उठतं. केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग लागलेली असताना चालकाला नव्या बोर्डाच्या खर्चात पाडणं मला पटत नाही.

आधी बायोसच गेलाय का ते बघा. कॅप्सलॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून सुरू आहे. बाहेरचा मॉनिटर जोडा, दोष डिस्प्लेचा निघेल. रॅम काढून तिचे पाय खोडरबराने पुसून परत बसवा, दोन असतील तर एकेक लावून बघा. आपल्याकडच्या धुळीत निव्वळ एवढ्यानंच बरीच यंत्रं सुरू होतात. पंखा फिरतो, कॅप्सलॉक मुका, स्क्रीन काळी, आणि हे सगळं अपडेट चालू असतानाच झालं, तर मात्र बायोसच धरून चाला.

बोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. त्यानं बऱ्याच यंत्रांत सेटिंग पुसली जातात आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडलेलं यंत्र सुटतं. बायोसचा प्रोग्राम त्यानं दुरुस्त होत नाही, कारण तो सेलवर टिकून नसतो, फ्लॅश चिपमध्ये असतो. "सेल रात्रभर काढून ठेवा, आपोआप होतं" असं सांगणाऱ्यांनी लोकांच्या कितीतरी रात्री वाया घालवल्यात. विंडोज पुन्हा टाकूनही काही होत नाही. विंडोज डिस्कवर असतं आणि इथं यंत्र डिस्कपर्यंत पोचतच नाही.

यानंतर कंपनीनं दिलेली सुटकेची वाट. बहुतेक बायोसमध्ये एक लहान भाग अपडेटच्या वेळी न पुसता ठेवलेला असतो. तो शाबूत असेल तर तो पेनड्राइव्हवरून बाकीचा बायोस परत लिहून घेतो. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्याच मॉडेलची रिकव्हरी फाईल कंपनीच्या सूचनेप्रमाणे, त्याच नावानं टाका. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरून पॉवर दाबायचं. डेलच्या २०१५ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावायचा. आसुसच्या काही डेस्कटॉप बोर्डांवर फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस लिहायचं, वेगळं बटण असतं, तर गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर दुसरा राखीव बायोसच असतो. सुरू केल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. या वेळी यूपीएस हवाच. ज्या कारणानं बायोस मेला तेच कारण पुन्हा घडलं तर तो शाबूत भागही हाताशी राहील याची खात्री नाही.

इतकं करूनही उठलं नाही तर चिपवर थेट लिहायचं. इथं मी पहिली दोन वर्षं ठेचा खाल्ल्यात.

लागतो तो सीएच३४१ए नावाचा यूएसबी प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं छोटं उपकरण, आठ पायांच्या चिपला लागणारी क्लिप, १.८ व्होल्टचा अडॅप्टर, मल्टिमीटर आणि दुसरा चालू संगणक. प्रोग्रामर आणि क्लिप मिळून काहीशे रुपयांत येतं. यंत्राचा चार्जर, मोठी बॅटरी आणि तो गोल सेल, तिन्ही काढा. चार्जर लावून वाचा म्हणजे चांगलं वाचलं जातं, असा एक सल्ला फिरतो. तो ऐकू नका. बोर्डाचा पुरवठा आणि प्रोग्रामरचा पुरवठा एकमेकांवर आदळून चिप गेलेली मी पाहिलीय.

आता चिपवरचं नाव भिंगातून नीट वाचा. अंधुक असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून. इथं घाई केली की बोर्ड खरोखरच जातो. विनबॉण्डची २५क्यू६४एफव्ही किंवा जेव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्समध्ये २५एल म्हणजे ३.३ आणि २५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये २५क्यू आणि २५एलक्यू यांच्यात तोच फरक. एका अक्षराचा प्रश्न आहे, पण १.८ च्या चिपला ३.३ दिले तर चिप जळू शकते आणि तिच्यामागचा चिपसेटही. त्यानंतर मात्र "मदरबोर्ड गेला" हे खरं ठरतं. शंका असेल तर १.८ चा अडॅप्टर लावूनच पहिलं वाचन करा. कमी व्होल्टेजनं नुकसान होत नाही, फार तर वाचन होत नाही.

स्वस्त काळ्या सीएच३४१ए मध्ये आणखी एक खोट आहे. पुरवठ्याच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असले तरी डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. दुकानदार हे सांगत नाही. आणल्या आणल्या मल्टिमीटर लावा. ५ दिसले तर तो दुरुस्त करून घ्या किंवा व्होल्टेज निवडायचं बटण असलेला नवा घ्या. मी जुना सहा महिने तसाच वापरला, आणि त्या काळात "आपोआप" मेलेल्या दोन चिपांचं कारण मला फार उशिरा कळलं.

चिपचे पाय आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं स्वच्छ करा. चिपच्या कोपऱ्यावर ठिपका असतो, तो पाय पहिला. क्लिपची लाल वायर त्याच बाजूला. क्लिप वरून सरळ दाबून बसवा, तिरकी बसली की एखादा पाय सुटतो. पाय बाहेर न आलेली सपाट चिप असेल तर क्लिप धरतच नाही. ती हॉट एअरनं काढावी लागते आणि ते काम सवय नसलेल्यानं करू नये.

मग वाचा. लिहायचं बटण अजून विसरा. फ्लॅशरॉम किंवा निओप्रोग्रामर, कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. वाचलेल्या फाईलमध्ये सगळीकडे एफएफ (कोऱ्या जागेची खूण) किंवा सगळीकडे शून्य दिसलं तर "चिप कोरी आहे" असा निष्कर्ष काढू नका. बहुधा क्लिप बसलेली नाही. फाईल नीट दिसली तरी क्लिप काढून, पुन्हा बसवून दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्ही फाईली ताडून बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एफसी हा आदेश स्लॅश-बी जोडून दोन्ही फाईलींवर चालवला की एका बाइटचा फरकही दिसतो. फरक असेल तर तिसऱ्यांदा वाचा, चौथ्यांदा वाचा. लागोपाठ दोन वाचनं तंतोतंत जुळेपर्यंत पुढं जायचं नाही, हा माझ्या टेबलावरचा नियम आहे आणि शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी त्यात सूट देत नाही. जुळतच नसतील तर बहुधा प्रोग्रामरची वीज चिपऐवजी बोर्डाचा बाकीचा भाग पितोय. तेव्हा चिप काढून बाहेर वाचणं हाच उपाय. यूएसबीची वायरही आखूड घ्या.

हा नियम का, ते सांगतो. सुरुवातीच्या काळात निलंग्याकडचा एक लॅपटॉप आला. चिप तर खराबच आहे, जुनं वाचून काय करायचं, असं म्हणून मी नेटवर मिळालेली त्याच मॉडेलची फाईल थेट लिहिली. लॅपटॉप उठला, चालकानं माझे हात हातात घेतले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "दादा, अर्ध्या तासानं आपोआप बंद पडायलंय." सीरियल नंबर कुणा दुसऱ्याचाच दिसत होता, लॅन कार्डाचा पत्ता बदलला होता, विंडोज सक्रिय नसल्याचं सांगत होतं. अर्धवट मेलेल्या त्या चिपमध्ये हे सगळं शाबूत होतं आणि मी माझ्या हातानं पुसलं होतं. विंडोजचा परवाना मी माझ्या पैशानं घेऊन दिला. सीरियल नंबर मात्र कायमचा गेला.

म्हणून ती जुनी खराब फाईल सोन्यासारखी जपा, दोन ठिकाणी ठेवा. इंटेलच्या यंत्रात चिपचे विभाग असतात. सुरुवातीला वर्णनाचा भाग, म्हणजे बाकीच्या विभागांचा नकाशा, मग एमई (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा प्रोग्राम) नावाचा विभाग, काही ठिकाणी लॅनचा, आणि बहुधा सगळ्यात शेवटी बायोस. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सोळाव्या बाइटपासून (शून्यापासून मोजून) ५ए ए५ एफ० ०एफ दिसलं तर वर्णनाचा भाग जागेवर आहे. अपडेटमध्ये बहुतेकदा बायोसचाच भाग बिघडतो. तेवढाच बदलायचा, बाकी आपल्याच यंत्राचं ठेवायचं. दुसऱ्याचा एमई विभाग टाकला आणि तो बिघडलेला निघाला तर यंत्र ३० मिनिटांनी बंद पडतं, हे मी वर भोगलेलंच आहे.

कंपनीच्या साइटवरची फाईल म्हणजे चिपची हुबेहूब प्रत नव्हे. तिच्यापुढं कंपनीचं जादा डोकं जोडलेलं असतं आणि आत बऱ्याचदा फक्त बायोसचा विभाग असतो. ८ एमबीच्या चिपची पूर्ण फाईल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची, १६ एमबीची १,६७,७७,२१६ बाइटची. एक बाइट कमी-जास्त असेल तर ती तशी लिहायची नाही. यूईएफआयटूल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाईली उघडा, कंपनीच्या फाईलमधला बायोसचा भाग काढा, आपल्या जुन्या फाईलमध्ये त्याच जागी बसवा. सीरियल नंबर कधी कधी बायोसच्या विभागातच सेटिंगच्या जागेत असतो, म्हणून तो आकडा जुन्या फाईलमध्ये शोधा आणि तो भाग नव्या फाईलमध्ये आणा. याला तास गेला तरी जाऊ द्या. "जवळपासच्या मॉडेलची चालते" म्हणणाऱ्याकडून फाईल घेऊ नका. मॉडेल तेच असलं तरी बोर्डाचा क्रमांक वेगळा असू शकतो. बोर्डावर छापलेला क्रमांकच प्रमाण.

लिहिणं सोपं. पुसा, कोरी झाल्याची खात्री करा, लिहा, पडताळा. पडताळणी चुकली तर क्लिप बसवून पुन्हा.

क्लिप काढा, सेल आणि बॅटरी जोडा, चार्जर लावा, सुरू करा. पहिल्या वेळी स्क्रीन यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात, मधे एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरूही होतं. ते रॅमची जुळणी करत असतं. घाबरून पॉवर दाबून धरू नका. आल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ आणि डिस्कची सेटिंग बघा, सीरियल नंबर तपासा.

यंत्र मालकाच्या हाती देण्याआधी एक गोष्ट त्याला विचारून ठेवा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. बहुतेकांना ती आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यानं लॉगिन केलं होतं, त्या खात्यात ती बहुतेकदा साठवलेली सापडते. त्यांच्याच मोबाईलवरून, त्यांच्यासमोर शोधायला लावा आणि कागदावर लिहून द्या.