गोव्यात टेक्सास सेज लावताय? आधी पावसाचं बघा

नर्सरीत चंदेरी पानांचं, जांभळ्या फुलांचं छोटं झुडूप दिसलं तर ते बहुतेक टेक्सास सेज, शास्त्रीय नाव ल्युकोफायलम फ्रुटेसन्स. आवडलं तर बिनधास्त घ्या पण जमिनीत लावू नका. मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या चुनखडीच्या माळांवरचं झाड हे, आणि आपल्याकडे जांभ्याची आम्ल माती, वर सालाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, मुळं कुजायला अजून काय पाहिजे.

मातीची कुंडी घ्या, भोक मोठं हवं. अर्धी जाड रेती, पाव भाग फुटक्या कौलांचे बारीक तुकडे, पाव भाग माती. शेणखत अगदी मूठभर, जास्त दिलं तर नुसता लुसलुशीत पाला येतो. आणि खरी गंमत म्हणजे तिसऱ्यांची कालवणानंतर उरलेली शिंपलं फेकू नका, मीठ जाईपर्यंत धुवा, उन्हात वाळवा, कुटून मिश्रणात घाला, त्यातला चुना माती हळूहळू गोडी करतो, म्हणजे तिचा आम्लपणा कमी करतो, आणि या झाडाला तेच मानवतं.

ऊन दिवसाचे सहा तास तरी हवंच, सावलीत फांद्या लांबट होतात आणि फुलं रुसतात. पाणी दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच, आणि मुळाशी द्या, पानांवर लव असते ती भिजवत बसू नका. रोज पाणी घालायची सवय असलेल्यांनी ही कुंडी नळापासून लांबच ठेवावी.

जूनच्या आधी कुंडी उचलून पत्र्याखाली किंवा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराच्या ओसरीत, न्या, पण पागोळीखाली नको, आणि उजेड मात्र भरपूर पाहिजे. चतुर्थी उलटली, पाऊस ओसरला की परत उन्हात, एकदम नाही, थोडं थोडं करून.

फुलांचं म्हणाल तर कोरडा काळ गेला आणि मग पाऊस आला किंवा हवा दमट झाली की हे झाड फुलतं, म्हणून तिकडे त्याला बॅरोमीटर बुश पण म्हणतात. त्यामुळे एप्रिलमध्ये जरा तहानलेलं ठेवा, पानं गळेपर्यंत नाही हां, आणि मे महिन्यात वळीव आला तर एकदा भिजू द्या. बहर संपला की शेंडे हलके खुडा, कुंपणाच्या मेंदीसारखं कात्रीने चौकोनी केलं तर पुढची फुलं कापली जातात.