जर्मन वाचायचंय? मग आधी एक मुडदा शोधा

जर्मनची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची, परीक्षा पास झाले तेव्हा मी स्वतःलाच बक्षीस म्हणून एक जाडजूड कादंबरी घेतली. पुठ्ठा बांधणीची, वर पुरस्काराचा गोल स्टिकर. एकतिसाव्या पानावर मिटली. नाव सांगत नाही, कारण चूक पुस्तकाची नव्हती. परीक्षेत मला पेशंटची तक्रार ऐकून घ्यायला शिकवलं होतं, आणि इथे एकेक वाक्य अर्धं पान चालायचं.

मी जर्मनीत नर्स आहे. आमच्या वॉर्डच्या चहाच्या खोलीत एक फळी आहे. घरी जाताना पेशंट वाचून झालेली पुस्तकं तिथे ठेवून जातात, आणि त्यातली बहुतेक क्रिमी असतात, म्हणजे गुन्हेकथा. ‘टाटॉर्ट’ ही पोलिसी मालिका १९७०पासून चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला ती लागली की माझ्या सहकारी मैत्रिणी फोन उचलत नाहीत. त्या फळीवरून मी जर्मन वाचायला शिकले, क्लासमध्ये नाही. म्हणून माझा सल्ला असा, की पुस्तक पुरस्कार बघून निवडू नका, वाक्य बघून निवडा. आणि सुरुवातीला गोष्टीत एक प्रेत असू द्या. खुनी कोण हे कळल्याशिवाय झोप येत नाही, तेव्हा अडलेले शब्द आपोआप ओलांडले जातात.

पहिलं पुस्तक आंद्रेया मारिया शेंकेल यांचं ‘टान्योड’ घ्या. २००६चं, पानं जेमतेम सव्वाशे. बव्हेरियात १९२२ साली हिंटरकायफेक नावाच्या एकाकी शेतघरात सहा जणांचा खून झाला, तो आजतागायत उलगडलेला नाही; लेखिकेने ती घटना १९५०च्या दशकात नेली आहे. गावातला एकेक माणूस येतो, दोन-तीन पानं बोलतो, जातो. कुणी खरं सांगतो, कुणी आडून. एका रात्रपाळीच्या सुट्टीत दोन साक्षीदार आटोपतात. मध्ये प्रार्थनेचे तुकडे येतात, ते पहिल्या वाचनात खुशाल सोडा.

दुसरं, फेर्डिनांड फॉन शिराख यांचं ‘फेरब्रेशन’, म्हणजे ‘गुन्हे’ (२००९). हे बर्लिनमधले फौजदारी वकील. कथा छोट्या, वाक्यं त्याहून छोटी. वाचताना मला आमच्या डिस्चार्ज समरीची आठवण येते: काय झालं, कधी झालं, पुढे काय. विशेषणं जवळजवळ नाहीतच, आणि तरी शेवटी पोटात खड्डा पडतो. भाषा शिकणाऱ्याला याहून दयाळू लेखक मी पाहिलेला नाही.

मुडदा नकोच असेल तर वोल्फगांग हेर्नडॉर्फ यांचं ‘चिक’ (२०१०). चौदा वर्षांची दोन पोरं चोरलेली लाडा गाडी घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात. गुन्हा आहेच, पण मजेचा.

आता वाचायचं कसं. क्लासमध्ये भूतकाळ म्हणून आपल्याला ‘इश बिन गेगांगेन’ शिकवतात. कादंबरीत मात्र ‘इश गिंग’. दोन्हींचा अर्थ ‘मी गेले’. या लेखी भूतकाळाला प्रेटेरिटुम म्हणतात, आणि पुस्तक उघडताच तो अंगावर येतो. चाळीसेक क्रियापदांची रूपं आधी पाठ करा: गिंग, काम, झा, लाग, श्टांट, त्सोग, ग्रिफ. ‘श्वीग’ तर वेगळं लिहून ठेवा. म्हणजे ‘गप्प राहिला’. संशयित दुसरं करतात काय?

फुटणारी क्रियापदं ही दुसरी अडचण. ‘ब्राख’ दिसलं की अर्थ लावायची घाई करू नका. वाक्याच्या टोकाला ‘आउफ’ असेल तर दार फोडलं किंवा माणूस प्रवासाला निघाला, ‘आइन’ असेल तर घरफोडी, ‘त्सुझामेन’ असेल तर बिचारा कोसळला. इतर भाषांचे लोक याने वैतागतात. आपल्याला कशाला जड जावं? क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटपर्यंत थांबायची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

आणखीही फायदे आहेत. डेर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. तीन लिंगं बघून मराठी माणूस दचकत नाही (मुलगी नपुंसकलिंगी का, ते मात्र विचारू नका). जबानीत ‘एर हाबे गेश्लाफेन’ असं रूप येतं. व्याकरणाच्या पुस्तकात त्यावर सहा पानं होती आणि मला काही कळलं नव्हतं. मग एके रात्री उजेड पडला: अरे, हे तर आपलं ‘म्हणे’! तो झोपला होता म्हणे. सांगणाऱ्याने हात झटकले, खरंखोटं तुम्ही बघा. डानिएल केलमान यांच्या २००५च्या ‘डी फेरमेसुंग डेर वेल्ट’मध्ये पात्रांची बहुतेक संभाषणं याच ‘म्हणे’च्या रूपात आहेत, आणि विनोदही त्यातच आहे.

तसंच ‘झी’ (तुम्ही) आणि ‘डू’ (तू). बरोबर काम करणारे दोन पोलीस इतके दिवस ‘अहो’ म्हणत होते आणि एका पानावर ‘अगं’वर आले, तर तिथे काहीतरी घडलंय. शब्दकोश हे सांगणार नाही, तुमचा मराठी कान सांगेल.

शब्दकोशावरून आठवलं, तो दूर ठेवा. मी एक शब्द तिसऱ्यांदा भेटला तरच बघते. पानावर दहा-बारा शब्द अनोळखी असले तरी चालेल. कोण कुणाशी आणि का बोलतंय हे कळत असेल तर पुढे चला. ते कळेनासं झालं तर एक पान मागे या. क्रिमीची सोय अशी की तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात: लायशे म्हणजे प्रेत, त्सॉयगे साक्षीदार, टेटर गुन्हेगार, श्पुझी म्हणजे घटनास्थळी ठसे गोळा करणारी माणसं. दोन पुस्तकांत हे अंगवळणी पडतं.

थोडा कायदाही माहीत हवा. ‘मोर्ड’ आणि ‘टोटश्लाग’ या दोन्हींना आपण सरसकट खून म्हणून मोकळे होतो, पण तिथल्या फौजदारी संहितेत २११ आणि २१२ ही वेगळी कलमं आहेत. लोभ, क्रूरता, दगाबाजी असं काही सिद्ध झालं तरच मोर्ड, आणि त्याला जन्मठेप. मोर्डचा खटला भरायला मुदतीची मर्यादाही नाही. म्हणून तर इतक्या कादंबऱ्यांत तीस वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडतो आणि म्हातारे लोक घाबरतात. तपासाची सूत्रं कायद्याने सरकारी वकिलाकडे, श्टाट्सआनवाल्टकडे असतात. कोमिसार, म्हणजे तपास करणारा पोलीस अधिकारी, त्याच्यावर सतत का चिडलेला असतो ते आता कळेल.

यानंतर प्रदेश निवडा. जर्मनीत प्रत्येक डोंगररांगेला आपला खुनी आहे. टाउनुससाठी नेले नॉयहाउस, आयफेलसाठी याक बेर्नडॉर्फ, आल्गॉयसाठी क्ल्युप्फेल आणि कोब्र ही जोडी, फ्रांकफुर्टसाठी याकोब आर्जुनी. आर्जुनींचा कायांकाया हा तुर्की वंशाचा खाजगी गुप्तहेर, त्याला धड तुर्की येत नाही आणि लोक त्याला जर्मन मानत नाहीत. परक्या देशात राहणाऱ्याने तो वाचायलाच हवा. फोल्कर कुचर यांची गेरेऑन राट मालिका १९२९च्या बर्लिनपासून सुरू होते, ‘बाबिलोन बर्लिन’ ही टीव्ही मालिका तिच्यावरूनच झाली. पहिल्या भागाचं नाव ‘ओला मासा’. पोलिसांच्या बोलीत न सुटलेली केस. तुम्ही राहता त्या भागातलं पुस्तक मिळालं तर उत्तम. रोजच्या स्टेशनवर प्रेत सापडलं की वर्णन वाचावंच लागत नाही.

एक सावधगिरी. मुखपृष्ठ गमतीदार म्हणून मी रिटा फाल्क यांचं ‘विंटरकार्टोफेलक्न्योडेल’ लवकर उचललं आणि अर्धं बव्हेरियन बोलीत बुडालं. ऑस्ट्रियाचे वोल्फ हास तर आणखी पुढचे. त्यांचा ब्रेनर मालिकेतला निवेदक कट्ट्यावर बसून गप्पा हाणल्यासारखा सांगतो, क्रियापदं खातो, तुम्हाला ‘डू’ म्हणतो. आधी ऐकायचं, मग वाचायचं. ते वाचून हसू आलं, की बी-टूचं सर्टिफिकेट खरं झालं समजा.

पैशांचं थोडक्यात. नव्या पुस्तकाची किंमत तिथे कायद्याने ठरलेली असते, त्यामुळे दुकानं फिरून सवलत मिळत नाही. पेपरबॅक, म्हणजे टाशेनबुखची, वाट बघा. ‘मेंगेलएक्झेम्प्लार’ असा शिक्का असेल तर पुस्तक किंचित दुखावलेलं आणि बरंच स्वस्त. लायब्ररीच्या कार्डावर ‘ओनलाइए’मधून ई-पुस्तकं मिळतात, आणि रस्त्यावरच्या फुकट पुस्तककपाटांत क्रिमी कधी संपत नाहीत.

पाच-सहा खून पचले की साहित्याकडे वळा. रोबेर्ट झेटालर यांचं ‘आइन गान्त्सेस लेबन’ छोटं आहे, शांत आहे, अख्खं आयुष्य त्यात मावलंय. मग येनी एर्पेनबेक यांचं ‘कायरोस’, पूर्व बर्लिनचे शेवटचे दिवस आणि एक विषारी प्रेम; २०२४चं आंतरराष्ट्रीय बुकर त्यालाच मिळालं. जर्मन बुक प्राइझची वीस नावांची यादीही बघत जा, पण प्रकाशकाच्या साइटवरची ‘लेझेप्रोबे’, म्हणजे फुकटची सुरुवातीची पानं, वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका. मी तेव्हा हेच केलं नव्हतं.

स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट यांचं ‘डास फेरश्प्रेशेन’ (१९५८) मात्र मुद्दाम मागे ठेवा. त्याचं उपशीर्षकच ‘गुन्हेकथेसाठी शोकगीत’ असं आहे. पुराव्यावरून पुरावा, तर्कावरून तर्क आणि शेवटी गुन्हेगार हाती, या सवयीवरच तो घाव घालतो. ती सवय तुम्हाला लागलेलीच नसेल तर घाव बसणार कुठे? मी ते पहाटे चार वाजता संपवलं. सहाला हॅंडओव्हर होता, आणि तीन नंबर खोलीतल्या आजींनी पुस्तक बघून विचारलं, “मग, सापडला का?”