सांधेदुखीची गोळी निवडताना आधी पोट, हार्ट आणि किडनी बघा

सांधेदुखीवर सूज उतरवणाऱ्या पेनकिलरचा एक गट आहे (NSAID, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे), त्यातली कोणती गोळी सगळ्यात स्ट्राँग हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. पूर्ण डोसमध्ये घेतल्या तर सूज आणि दुखणं कमी करण्यात यांच्यात फार फरक नसतो, फरक असतो तो कुठली गोळी शरीरात किती वेळ टिकते आणि जाता जाता कशाची वाट लावते यात.

पहिलं काम, पाकिटावरचं मोठं ब्रँडचं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते वाचा. दोन वेगळ्या ब्रँडमध्ये एकच औषध असू शकतं, किंवा एकीत आयबुप्रोफेन आणि दुसरीत डायक्लोफेनॅक, आणि आपण दोन्ही घेत बसतो. असं करायचं नाही, आराम फारसा वाढत नाही पण पोटातून रक्त जायचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉल या गटातलं नाही, ते दुखणं कमी करतं पण सांध्याची सूज उतरवत नाही.

आता एकेक बघू. आयबुप्रोफेनचा असर लवकर उतरतो म्हणून दिवसातून तीनदा घ्यावी लागते, अधूनमधून दुखणाऱ्याला ठीक आहे. डॉक्टरांना न विचारता घेत असाल तर दिवसाला १२०० मिग्रॅच्या वर जाऊ नका. नेप्रोक्सेन १२ तासांच्या वर टिकतं, त्यामुळे दिवसातून दोनदा पुरतं, आणि ज्यांचे सांधे सकाळी उठल्यावर आखडलेले असतात त्यांना रात्रीच्या जेवणानंतरची गोळी सकाळपर्यंत पुरते. हार्टच्या दृष्टीने नेप्रोक्सेन त्यातल्या त्यात बरं मानतात, पण पोटाला जड. डायक्लोफेनॅक गुणकारी आहे यात वाद नाही, पण हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांनी त्याच्या गोळ्यांपासून लांबच राहावं. एसेक्लोफेनॅक त्याचंच भावंड, म्हणून तोच नियम.

सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब पोटाला सौम्य असतात कारण पोटाच्या अस्तराचं रक्षण करणाऱ्या एन्झाइमला ती फारसा हात लावत नाहीत. पण सौम्य म्हणजे निर्धोक नाही, याच प्रकारातलं रोफेकॉक्सिब हार्टच्या त्रासामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर एटोरिकॉक्सिब नकोच. आणि हार्टसाठी रोज ऍस्पिरिन घेत असाल तर सेलेकॉक्सिबचा पोटाचा फायदा बराचसा जातो. साधं ऍस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतील तर ऍस्पिरिन आधी घ्या आणि निदान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन, उलट केलं तर ऍस्पिरिनचं काम अडतं.

किडनीला मात्र यातली एकही गोळी सोडत नाही. बीपीच्या काही गोळ्या, लघवी जास्त व्हायची गोळी आणि वरून ही पेनकिलर असं त्रिकूट झालं की किडनी गोत्यात येते, त्यात जुलाब-उलट्या चालू असतील तर अजूनच, तेव्हा लगेच डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी, मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं औषध), लिथियम (मानसिक आजारावरचं औषध), अल्सर, दमा किंवा प्रेग्नन्सी यातलं काहीही असेल तरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

गुडघा किंवा हाताची बोटं दुखत असतील तर मी म्हणेन आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, रक्तात फार थोडं जातं. बोटांना लावलं तर तासभर हात धुऊ नका, नाहीतर सगळं नळाखाली गेलं. खुब्याला त्याचा उपयोग नाही, तो सांधा फार खोल असतो.

गोळीच घ्यायची तर जेवणानंतर, कमीत कमी डोस, गरज असेल तेवढेच दिवस. वय ६५ च्या पुढे असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल तर डॉक्टर सोबत ओमेप्राझोलसारखी ऍसिडिटीची गोळी देतात, ती टाळू नका. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होते, अल्सर टळतो असं नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं, छातीत दुखलं, पायावर सूज आली किंवा लघवी कमी झाली तर गोळी बंद आणि थेट डॉक्टर.

दोनेक आठवडे नीट घेऊनही फरक पडला नाही तर डोस स्वतःहून वाढवू नका, एकाला जी लागू पडते ती दुसऱ्याला पडेलच असं नसतं, डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्या आणि पहिलं बंद करूनच दुसरं सुरू करा.